फीड कमी ठेवल्याने कटर वाचत नाही

लाकूडकामाच्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्रावर) ॲल्युमिनियमचा पत्रा कापताना फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, जितका कमी तितके काम सुरक्षित, हा जुना समज चुकीचा आहे. एका धारेचे कटर मिनिटाला 18,000 फेरे घेत असताना फीड मिनिटाला 200 मिमी ठेवला, तर प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला जेमतेम 0.011 मिमी धातू येतो. एवढ्या पातळ थरात धार नीट शिरत नाही, ती घासत राहते, आणि त्या उष्णतेने मऊ झालेला धातू कटरला चिकटून अखेर कटरच मोडतो. फीड 900 मिमी केल्यास 0.05 मिमी जाडीची चिप (धातूची कपची) सुटते व बरीचशी उष्णता सोबत नेते. हलक्या यंत्रावर कमी ठेवायची असते ती कापाची खोली. खाचेतला चुरा हवेच्या झोताने सतत उडवणे, हे मात्र मी फीडइतकेच महत्त्वाचे मानतो.