डिस्ने वर्ल्डमधले रोजचे जेवण: बर्गर टाळून, खिसा सांभाळून

आमच्यामार्फत ऑरलँडोला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक आहे. भर वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांवर आहे: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडम. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांबद्दल शेवटाकडे थोडे आहे. किमती अंदाजे आणि कर वगळून दिल्या आहेत. पार्कांच्या मोबाइल अॅपमध्ये प्रत्येक ठिकाणचा मेन्यू किमतींसह दिसतो. पदार्थ वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी तो एकदा चाळा.

आधी हिशोब

आई-वडील आणि ३ ते ९ वयाची दोन मुले असे चौघे धरू. काउंटरवर मोठ्यांचा एक पदार्थ १२ ते १७ डॉलरला पडतो आणि मुलांचा ७ ते १० डॉलरला. मोठ्यांचे १५ आणि मुलांचे ९ धरले तर एका वेळचे ४८ डॉलर झाले. त्यावर साडेसहा टक्के कर लागून ५१. दोन वेळा असे जेवलात तर १०२, आणि नाश्ता अजून बाकीच आहे. वेटर असलेल्या ठिकाणी माणशी २५ ते ४० डॉलर लागतात, वर १८ ते २० टक्के टिप. सहा किंवा जास्त माणसे असतील तर १८ टक्के टिप बिलातच लावलेली असते. ती न पाहता वर पुन्हा टिप लिहिली की टिप दुप्पट जाते. सही करण्याआधी 'ग्रॅच्युइटी' (म्हणजे टिप) ही ओळ शोधा.

आम्ही सुचवतो तो क्रम असा: नाश्ता खोलीवर, एक गरम जेवण पार्कातल्या काउंटरवर, आणि तिसरे शिदोरीतून किंवा पार्काबाहेर. काउंटरचे जेवण पावणेअकरा-अकराला किंवा अडीचनंतर घ्या. साडेबारा ते दोन या वेळात सगळे पार्क एकदम जेवायला बसते. पोरे रडायला लागली की माणूस समोर दिसेल त्या खिडकीत उभा राहतो, आणि समोरच्या खिडकीत बहुधा बर्गर, नगेट्स आणि फ्राइजच असतात. पार्कात बर्गरशिवाय काही मिळत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा या दोन तासांतली असते.

मोठ्यांचा पदार्थ आपल्याकडच्या मानाने भरपूर येतो. चौघांत तीन पदार्थ पुरतात. मुलांची थाळी काउंटरवर मोठ्यांनीही मागितली तरी सहसा कोणी हरकत घेत नाही. पाणी मात्र विकत घेऊ नका. बाटली चार डॉलरच्या आसपास पडते, आणि शीतपेये मिळणाऱ्या काउंटरवर 'आइस वॉटर' मागितले की ग्लासभर बर्फाचे पाणी फुकट मिळते. फ्लोरिडातल्या नळाच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास असतो. मुलांना तो आवडला नाही तर त्यात लिंबू-साखरेची पूड टाका.

डिस्नेच्या हॉटेलबरोबर मिळणारा 'डायनिंग प्लॅन', म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेली जेवणाची कूपने, शाकाहारी कुटुंबाने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात महाग मांसाहारी पदार्थ आणि स्वस्त भाताचा बाउल यांना एकच कूपन जाते. शिवाय तो खोलीतल्या तीन वर्षांवरील सगळ्यांना घ्यावा लागतो.

कुठे काय खावे

अॅनिमल किंगडमच्या पँडोरा भागातली 'साटुली कँटीन' ही चारही पार्कांतली आमची पहिली पसंती. इथे बाउल मिळतो: खाली भात आणि काळा घेवडा किंवा त्या काळात असेल तो दुसरा तळ, वर तिखट कुरकुरीत तोफू किंवा चिकन, आणि निवडीचा सॉस. तोफूचा बाउल आपल्या जिभेला खरोखर रुचतो. सॉस वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे मुलांसाठी खालचा भात कोरा काढता येतो.

याच पार्कापासून बसने थोड्या अंतरावर अॅनिमल किंगडम लॉज आहे. त्याच्या किदानी व्हिलेज इमारतीतल्या 'सना' या रेस्टॉरंटमध्ये भारतीय आणि आफ्रिकी वळणाचे जेवण मिळते. इथली 'ब्रेड सर्व्हिस' मागवा: नान, पराठा, कुलचा अशा पाच प्रकारच्या रोट्या आणि सोबत नऊ चटण्या-लोणची. रायते, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचे लोणचे, सगळे एकाच ताटात येते. एक ताट तिघांचे पोट भरते आणि वीस-पंचवीस डॉलरच्या घरात पडते. हॉटेलात जायला पार्कचे तिकीट लागत नाही. खिडकीजवळची जागा मिळाली तर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, म्हणून दिवसाउजेडीची वेळ घ्या.

वेटरच्या ठिकाणांचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. न सांगता गैरहजर राहिलात तर साधारणपणे माणशी १० डॉलर कापले जातात. बेत बदलला तर अॅपमधून रद्द करा. बहुतेक ठिकाणी वेळेच्या दोन तास आधीपर्यंत ते जमते.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती ११ देशांची दालने आहेत. वैविध्य हवे असेल तर गरम जेवणाचा बेत याच पार्कात करा. हा भाग साधारण अकराला उघडतो, त्यामुळे इथे सकाळी लवकर जेवायचा हट्ट चालत नाही. फ्रान्समधल्या 'ले आल' बेकरीत चीजचे बॅगेट (लांब पाव) आणि किश (भाजलेला खारा पाय) मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. किशमध्ये अंडे असते. मेक्सिकोच्या काउंटरवर टाको मिळतात. जपानी दालनात एक फसगत होते: उडॉन नूडल्स आणि मिसो सूप शाकाहारी दिसतात, पण त्यांचे पाणी बहुधा वाळवलेल्या माशांवर उकळलेले असते. फूड अँड वाइन महोत्सव ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. त्या काळात गेलात तर तळ्याभोवती स्टॉल लागलेले असतात आणि पाच ते नऊ डॉलरला छोट्या प्लेट मिळतात. चाखायला छान, पण त्यावर पोट भरायला गेलात तर काउंटरपेक्षा महाग पडते.

मॅजिक किंगडममध्ये 'कोलंबिया हार्बर हाउस' पाहा. तिथला वरचा मजला भर दुपारीही त्यातल्या त्यात शांत असतो. 'पेकोस बिल'मध्ये मेक्सिकन धर्तीचे भात-घेवड्याचे पदार्थ मिळतात. 'अलोहा आइल'वरचे अननसाचे डोल व्हिप (आइस्क्रीमसारखा गार पदार्थ) दूधविरहित आहे. हॉलिवूड स्टुडिओज खाण्याच्या बाबतीत चारही पार्कांत लंगडे. तिथे 'वूडीज लंच बॉक्स'मधले चीज सँडविच आणि टोमॅटो सूप घ्या, किंवा त्या दिवशी शिदोरीवर भर द्या.

काय विचारायचे

हॅम्बर्गरमध्ये हॅम नसते, गोमांस असते. आणि 'चिली' म्हणजे मिरची नव्हे. अमेरिकेत चिली म्हणजे बहुधा गोमांसाच्या खिम्याची घट्ट उसळ. ती फ्राइजवर, बटाट्याच्या गोळ्यांवर, हॉट डॉगवर ओतलेली असते. मेन्यूत हा शब्द दिसला की थांबा. पेपरोनीत डुकराचे किंवा गाईचे मांस असते.

नुसते 'व्हेज आहे का?' असे विचारून उपयोग नाही. समोरच्याला त्यात भाज्या आहेत का एवढेच कळते, आणि तो खुशाल हो म्हणतो. नेमके विचारा: भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? घेवड्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का? फ्राइजच्याच तेलात चिकन तळता का? सीझर सॅलडच्या सॉसमध्ये मासा असतो, मार्शमेलोत जिलेटिन असते. काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर 'शेफ'ला बोलवा म्हणावे. डिस्नेत त्याचे कुणाला वावगे वाटत नाही.

मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असेल तर त्या पदार्थात मांस, दूध, अंडे, मध यांपैकी काही नसते. ही खूण २०१९ पासून आहे. जैन मंडळींनी तेवढ्यावर विसंबू नये: कांदा, लसूण, बटाटा त्यात असू शकतो.

मोबाइलवरून ऑर्डर

अॅपमध्ये ठिकाण आणि पदार्थ निवडा, नको ते वगळा, पोहोचायची वेळ निवडून पैसे भरा. हे सकाळी बसमध्येच उरका, कारण दुपारच्या वेळा भराभर संपतात. तिथे पोहोचल्यावर 'मी आलो आहे' या अर्थाचे बटण दाबायचे असते. ते दाबेपर्यंत स्वयंपाकघरात तुमच्या पदार्थाला कोणी हात लावत नाही. पैसे भरले आणि वीस मिनिटे वाट पाहिली तरी जेवण आले नाही, असे झाले तर हे बटण राहिलेले असते.

दुसरी अडचण कार्डाची. भारतीय कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून आपणच सुरू करावे लागतात. शिवाय काही ठिकाणी पाच आकडी पिन कोड मागतात आणि आपला सहा आकडी. कार्ड अडलेच तर अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये डिस्नेचे गिफ्ट कार्ड मिळते, ते अॅपमध्ये घाला.

शिदोरी

डिस्नेच्या पार्कात घरचे खाणे नेता येते. काचेचे डबे-बाटल्या, दारू, सुटा बर्फ आणि ड्राय आइस चालत नाही. पिशवी २४ बाय १५ बाय १८ इंचांपेक्षा मोठी नको. रात्री दोन बाटल्या पाणी गोठवा आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना लावा. बर्फाचे काम होते आणि दुपारी तेच पाणी प्यायला मिळते. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असतो. तेव्हा दहीभात किंवा चीज तासाभराहून जास्त वेळ गार पिशवीबाहेर ठेवू नका. ठेपले, दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी यांना हा त्रास नाही.

युनिव्हर्सलमध्ये नियम कडक आहेत: किरकोळ खाऊ, बाळाचे खाणे, पथ्याचे पदार्थ आणि दोन लिटरपर्यंत पाणी. पूर्ण डबा घेऊन गेलात तर दारातच परत पाठवतील.

भारतातून काय न्यावे, काय नेऊ नये

कढीपत्ता ओला असो वा वाळलेला, नेऊ नका. संत्र्या-लिंबांच्या झाडांवर रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही राहते, आणि फ्लोरिडाच्या संत्राबागांचे या रोगाने मोठे नुकसान केले आहे. म्हणून चिवडाही कढीपत्ता न घालता करा. खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीमुळे भारतातून प्रवासी सामानात तांदूळ, हरभरे आणि सोयाबीन नेता येत नाही. लाळ्या-खुरकुत या गुरांच्या रोगामुळे दुधाच्या पदार्थांवरही निर्बंध आहेत, तेव्हा तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. मांस आणि ताजी फळेही नकोत. बाकी जे न्याल ते विमानतळावर अधिकाऱ्याला स्वतःहून सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूवर दंड होतो. लोणचे केबिन बॅगेत नको, चेक-इन सामानात ठेवा.

खोलीवरचा नाश्ता

उपम्याचे कोरडे मिश्रण: एक वाटी खमंग भाजलेला रवा, तेलाची फोडणी, मीठ, साखर. हॉटेलात त्यात अडीच वाट्या पाणी घालून खोल भांड्यात मायक्रोवेव्हला साडेतीन-चार मिनिटे ठेवा आणि मध्ये एकदा ढवळा. भांडे उथळ असेल तर ते उतू जाते. पातळ पोह्यांच्या मिश्रणाला वाटीभरास पाऊण वाटी उकळते पाणी आणि पाच मिनिटे झाकण पुरते. डिस्नेच्या ऑल-स्टार हॉटेलांत खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टमध्ये. खोलीतल्या कॉफी मशीनच्या पाण्याला कॉफीचा वास लागतो, म्हणून आधी एकदा नुसते पाणी फिरवून ओतून द्या.

घरची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची आहे. निम्म्या व्होल्टेजवर उष्णता निम्मी नव्हे, जवळजवळ पाव होते: १००० वॉटची किटली २७० वॉटवर येते आणि पाच मिनिटांत उकळणारे लिटरभर पाणी वीस मिनिटांवर जाते. तिथे घेतलेला राइस कुकर उलट भारतात लावला तर जळतो. खोलीत शेगडीवर फोडणी देण्याचा विचारही करू नका. धुराचा अलार्म वाजतो.

पहिल्या संध्याकाळी पब्लिक्स, वॉलमार्ट किंवा आल्डीत जाऊन ब्रेड, दही, केळी, सफरचंदे, पीनट बटर आणि कॅनमधले छोले घ्या. किराणा थेट डिस्नेच्या हॉटेलवर मागवलात तर सामान सांभाळण्याचे सुमारे ६ डॉलर लागतात. भारतीय किराणा साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेल रस्त्यावर मिळतो. दूध गॅलनच्या कॅनमध्ये स्वस्त दिसते, पण एक गॅलन म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर आणि खोलीतल्या फ्रिजचा कप्पा त्याला अपुरा पडतो. अर्धा गॅलन घ्या.