अर्ध्या टनाला हुडहुडी

गेल्या हिवाळ्यात एक व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ड्रोनमधून टिपलेलं काचेसारखं स्वच्छ पाणी आणि त्यात बटाट्यांचं पोतं उपडं करावं तसे पसरलेले शेकडो राखाडी प्राणी. खाली लिहिलेलं: 'जलपऱ्यांची जत्रा'. थंडी टाळायला जमलेत बिचारे, असं मी कळवलं. त्यावर लगेच उत्तर आलं, 'एवढी चरबी अंगावर असताना थंडी कसली?'

जलपऱ्यांचं सोडून देऊ. १४९३च्या जानेवारीत कोलंबसालाही कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटाजवळ तीन जलपऱ्या दिसल्या होत्या, आणि चित्रातल्याइतक्या त्या सुंदर नाहीत अशी त्याची तक्रार होती. बहुधा मॅनेटीच असाव्यात. सव्वापाचशे वर्षांनी ड्रोन हाताशी असूनही आपण तिथेच, याचं नवल वाटतं. चरबीचा प्रश्न मात्र रास्त आहे.

व्हिडिओतले प्राणी फ्लोरिडाचे मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी. (डुगाँगलाही आपण समुद्रगायच म्हणतो, पण त्याची शेपटी दुभंगलेली असते, मॅनेटीची वल्ह्यासारखी गोल.) तीनेक मीटर लांब, साधारण पाचशे किलोंचं धूड, नात्याने हत्तीच्या जवळचं. आता त्या गरगरीत पोटात काय आहे? चरबी नव्हे, आतडी. लहान आणि मोठं मिळून चाळीस मीटरच्या आसपास. पाण्यातलं गवत पचवायचं तर एवढा पसारा लागतोच. देवमाशासारखा चरबीचा जाड थर मॅनेटीकडे नाही.

त्यात शरीराची भट्टीही मंद. एवढ्या वजनाच्या सस्तन प्राण्याने जेवढी ऊर्जा जाळावी असा अंदाज बांधता येतो, त्याच्या पाव ते एक तृतीयांशच मॅनेटी जाळतो. आणि पाणी तर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिलं की जमाखर्च जुळेनासा होतो. खाणं सुटतं, आतड्यातलं आंबवण्याचं काम थंडावतं, बद्धकोष्ठ होतं, कातडीवर चट्टे येतात, प्रतिकारशक्ती ढासळते. आईपासून नुकती सुटलेली पिल्लं आधी दगावतात. आकार लहान, म्हणजे वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग जास्त. २०१०च्या कडक थंडीच्या वर्षी फ्लोरिडात ७६६ मॅनेटी मेल्याची नोंद झाली.

त्यामुळे हिवाळ्यात मॅनेटी कुठे सापडेल हे थर्मामीटर सांगतो. नोव्हेंबर ते मार्च त्यांचा मुक्काम उबदार पाण्यात, उदाहरणार्थ झऱ्यांत. ब्लू स्प्रिंग या फ्लोरिडातल्या झऱ्याचं पाणी बारा महिने २२-२३ अंश. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, त्याचंच हे मोठं रूप: चुनखडकात खोलवर मुरलेलं पाणी त्या भागाचं वर्षाचं सरासरी तापमान धरून बसतं. जानेवारी २०२४मध्ये या एका झऱ्यात एका दिवशी ९३२ मॅनेटी मोजले गेले.

पण मला भुरळ घातली ती झऱ्यांनी नव्हे, एका खणून काढलेल्या डबक्याने. फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य टोकाला पोर्ट ऑफ द आयलंड्स नावाची जागा आहे. तिथे गरम झरा नाही, कोमट पाणी सोडणारा कारखाना नाही. तरी थंडीत मॅनेटी तिथे दाटीवाटीने जमतात. संशोधकांनी वरपासून तळापर्यंत तापमान मोजलं, तर वर गार आणि खाली ऊबदार!

शाळेत आपण शिकलो की गरम पाणी हलकं, ते वर येतं. मग हे उलटं कसं? किल्ली मिठात आहे. १५ अंशांचं पाणी २५ अंशांवर नेलं तर त्याची घनता फक्त ०.२ टक्के घटते. समुद्राइतकं मीठ घातलं तर मात्र ती अडीच टक्क्यांनी वाढते. या रस्सीखेचीत मीठ सहज जिंकतं. कालव्यातून येणारं गोडं पाणी वर तरंगतं, भरतीचं खारं पाणी खाली बसतं. एरवी थंडीच्या रात्री पृष्ठभागाचं पाणी गार होतं, जड होतं, बुडतं, खालचं वर येतं. असं ढवळत सगळं तळं गारठतं. इथे वरचं पाणी कितीही गार झालं तरी खालच्या खाऱ्यापेक्षा हलकंच राहतं. ते बुडू शकत नाही, अभिसरण होत नाही, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तशी तळाची ऊब तळाशीच राहते. मॅनेटी त्या थरात पडून राहतो आणि दर काही मिनिटांनी श्वासापुरतं नाक झाकणातून वर काढतो. वर प्यायला गोडं पाणी, खाली गोधडी. भौतिकशास्त्र इतकं सोयीस्कर क्वचितच वागतं.

उन्हाळ्यात हा जीव पांगतो. जॉर्जिया, कॅरोलिना, पश्चिमेला अलाबामाच्या मोबाइल उपसागरापर्यंत. गवत आणि गोडं पाणी असेल तिथे. शेपटीच्या मुळाशी पट्टा, त्याला लवचीक दांडा आणि दांड्याच्या टोकाला ठावठिकाणा कळवणारा तरंगता प्रक्षेपक, अशा सरंजामानिशी 'चेसी' नावाचा मॅनेटी १९९५मध्ये थेट ईशान्येच्या ऱ्होड आयलंड राज्यापर्यंत पोहत गेला होता.

परतीची वाट पिल्लू आईबरोबर हिंडताना शिकतं, आणि घोळ इथेच आहे. फ्लोरिडातले साठेक टक्के मॅनेटी आज हिवाळ्यात वीज केंद्रांतून सुटणाऱ्या कोमट पाण्यावर विसंबतात, आणि केंद्र बंद पडलं तरी शिकलेल्या वाटेने तिथेच येतात. काही वर्षांपूर्वी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॅनव्हरलचं जुनं केंद्र पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा केंद्र बंद असताना केवळ मॅनेटींसाठी पाणी तापवायची यंत्रं लावावी लागली.

'जग तापतंय, मग मॅनेटींची चांदी' असं म्हणणारे भेटतात. जीव घ्यायला थंडीची एक लाट पुरते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय ऊब असून भागत नाही. त्याच पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या खाजणात सांडपाणी आणि खतांच्या पोषणावर शेवाळ माजलं, पाणी गढुळलं, उजेड तळापर्यंत पोहोचेना आणि समुद्री गवत मेलं. २०२१मध्ये राज्यभरात ११००च्या आसपास मॅनेटी मेले, त्यांतले कितीतरी उपासमारीने. तिथल्याच केप कॅनव्हरलच्या केंद्राचं कोमट पाणी मात्र जागेवरच होतं. गवतासाठी लांब जावं तर थंडी, थांबावं तर उपास. त्या हिवाळ्यात माणसांनी त्यांच्यापुढे पेट्याच्या पेट्या लेट्यूस ओतलं, आणि थोड्या संशयानंतर मॅनेटी ते खायला लागले.