ओंडक्याची बैठक

झाडाच्या खोडाचे आडवे तुकडे पाडून ते उभे मांडले की तयार होणारे बसण्याचे ठोकळे. सोलापूर भागात ते शेतवस्तीच्या अंगणात आणि थंडीत हुरड्याच्या आगटीभोवती शोभतात. लाकूड बाभूळ, कडुनिंब किंवा चिंचेचे. बाभूळ जड आणि टिकाऊ. बैलगाडीची चाके तिचीच होत. चिंचेचा ठोकळा खाटीक वापरतात, यावरून तिचा चिवटपणा कळावा. मात्र चिंच ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964’च्या अनुसूचीत आहे, स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाही.

उंची साधारण 40 ते 45 सेंमी. शेकत बसायला 30 सेंमीही पुरते. ठोकळ्यांच्या उंचीत बोटभर फरक पडला तर खालचा मुरूम इकडेतिकडे सारून भागते. दोन्ही तोंडे समांतर नसली, तर मात्र इलाज नाही, ठोकळा कलता राहतो. म्हणून काटकोनात कापणे महत्त्वाचे. खोड वर निमुळते, मध्येच वाकडे. नजरेने मारलेली रेघ हमखास फसते. सरळ खोडाभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडा एकमेकींवर जुळवाव्यात आणि कडेने खडू फिरवावा. चेनसॉची (यंत्रावर चालणाऱ्या करवतीची) साखळी प्रत्येक कापाला साधारण 8 मिमी लाकूड खाते, तेवढे माप वाढवून धरतात.

ओंडका दोन्ही टोकांना टेकवला असेल, तर वरून कापताना फट मिटत जाते आणि पाते अडकते. तेव्हा वरून एक तृतीयांश कापून उरलेले खालून घेतात किंवा फटीत पाचर मारतात. टोक अधांतरी असेल, तर क्रम उलटा. जमिनीवरचा ओंडका पाऊण कापून फिरवून घ्यावा, कारण साखळी मातीला लागली की दात बोथट झालेच. काप एका बाजूला वळू लागला, तर बहुधा एका बाजूचे दात कमी घासले गेलेले असतात. तिथे जोर लावू नये, कानस घ्यावी. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला, तर यंत्र उसळून थेट अंगावर येते. हेल्मेट, जाड बूट आणि पायांची संरक्षक पँट नसताना हे काम करणे म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

ओले लाकूड सोलापूरच्या कोरड्या उन्हात चटकन तडकते. वाळताना ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट वलयांच्या दिशेने आकसते, म्हणून गाभ्यापासून सालीकडे भेगा पडतात. दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग फासून ठोकळे सावलीत ठेवले, तर भेगा कमी होतात, टळत नाहीत. साल सोलून टाकावी, तिच्याखाली भुंगेरे राहतात. वाळवी लागू नये म्हणून बुडाखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवतात.