मारिया टेल्केश: ऊन रात्रीसाठी राखून ठेवण्याचा ध्यास

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडचा बेदाणा उत्पादक सोलर ड्रायरची चौकशी करताना एक प्रश्न हटकून विचारतो: ऊन उतरल्यावर काय? रात्री शेडमधली हवा दमट होते, वाळवण थांबते, मालाचा रंग काळवंडतो. याच प्रश्नावर सौरऊर्जा संशोधक डॉ. मारिया टेल्केश यांनी आपलं उभं आयुष्य घातलं. त्यांचं यश सगळीकडे सांगितलं जातं. आपल्या कामाचं मात्र त्यांचं अपयश जास्त आहे.

जन्म १२ डिसेंबर १९००, बुडापेस्ट. १९२४ मध्ये भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि पुढे त्या अमेरिकेला गेल्या. क्लीव्हलँडमध्ये जीवभौतिकी आणि वेस्टिंगहाउस कंपनीत उष्णतेपासून वीज, अशी कामं करून त्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सौरऊर्जा प्रकल्पात आल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जीवरक्षक तराफ्यांसाठी समुद्राचं पाणी गोडं करणारं फुगवता येण्याजोगं उपकरण बनवलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत खारं पाणी शोषणारी काळी गादी असे. तिच्यातून उठलेली वाफ प्लॅस्टिकवर थंड होऊन खाली जमे.

त्यांचं नाव झालं ते डोव्हरच्या घरामुळे. मॅसॅच्युसेट्समधलं हे घर १९४८ मध्ये उभं राहिलं. वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची, पैसा अमेलिया पीबडी यांचा. दक्षिणेच्या काचेमागे काळे पत्रे तापत आणि पंखे ती गरम हवा खोल्यांमधल्या कप्प्यांत ढकलत. कप्प्यांतल्या डब्यांमध्ये ग्लॉबर मीठ, म्हणजे दहा रेणू पाणी धरलेलं सोडियम सल्फेट, भरलेलं होतं. ते सुमारे ३२ अंशांना वितळतं आणि वितळताना किलोमागे साधारण २५० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं; गोठताना तीच परत देतं. एवढी उष्णता साठवायला एक लिटर पाणी ६० अंशांनी तापवावं लागेल.

पहिले दोन हिवाळे घर ऊबदार राहिलं. मग गाडं अडलं. हे मीठ बर्फासारखं सरळ वितळत नाही. त्यातलं काही सोडियम सल्फेट पाणी सोडून कोरडं होतं आणि जड असल्यामुळे तळाशी बसतं. थंड होताना वरच्या पाण्याशी त्याची पुन्हा गाठ पडत नाही, आणि प्रत्येक फेरीला साठवण घटत जाते. शिवाय द्रावण गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतं, म्हणजे उष्णता नको त्या वेळी अडकून बसते. डबे गंजून गळले ते वेगळंच. टेल्केश यांनी यावर उपायही शोधले: स्फटिक धरायला ३-४ टक्के बोरॅक्स (टाकणखार), गाळ तरंगता ठेवायला घट्ट करणारी माती, आणि उंच डब्यांऐवजी उथळ ट्रे.

१९५३ मध्ये एमआयटी सुटलं. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने सौरचूल विकसित केली. पुढे डेलावेअर विद्यापीठाच्या १९७३ च्या ‘सोलर वन’ घरातही मिठाची साठवण त्यांच्याच कामावर उभी होती. २ डिसेंबर १९९५ रोजी बुडापेस्टमध्येच त्यांचं निधन झालं.

आता नाशिकचा हिशेब. ग्लॉबर मीठ खोली उबदार ठेवायला आहे; ५०-६० अंशांच्या ड्रायरला ३२ अंशांचा साठा उपयोगाचा नाही. तिथे ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन मेण बरं. ते तळाशी साका धरत नाही, पण उष्णता फार हळू देतं-घेतं. म्हणून ते जाड पिंपात न भरता पातळ, चपट्या डब्यांत भरावं, आणि वितळताना फुगतं म्हणून डब्यात १०-१५ टक्के जागा मोकळी सोडावी.

मेण किती लागेल, हे आधी मांडून पाहायला हवं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी उडवायचं. किलोभर पाणी उडवायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात आणि मेण किलोमागे २०० च्या आसपास देतं. उष्णतेची गळती न धरताही किलोभर पाण्यामागे १२ किलो मेण झालं! रात्रभर पूर्ण वेगाने वाळवण्याचा हट्ट या हिशेबात बसत नाही. साठ्याचं काम एवढंच ठेवावं, की शेडमधली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहावी, म्हणजे मणी पुन्हा ओल धरत नाहीत. त्यासाठी संध्याकाळी झडपा बंद करणं आणि छताच्या फटी बुजवणं मेणाच्या आधी येतं.