सप्रेम भेट की करार? वादकाच्या हातातलं कंपनीचं वाद्य

सिंधुदुर्गातल्या देवळांमध्ये भजनाची पेटी असते, तिच्यावर पुष्कळदा दोन नावं दिसतात. पुढच्या फळीवर पट्टीत कोरलेलं बनवणाऱ्याचं नाव, आणि बाजूला रंगानं लिहिलेलं ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. हे दुसरं नाव बहुधा मुंबईच्या एखाद्या चाकरमान्याच्या घरातलं. पेटी बनवणाऱ्याला पैसे मिळाले, देणाऱ्याला समाधान मिळालं, मंडळाला वाद्य मिळालं. कोणाचं कोणाकडे काही राहिलं नाही.

आता यात तिसरी गोष्ट आली आहे. डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांनी आळीपाळीनं बारी म्हणत खेळायचे सामने मोबाईलवर बघितले जातात, बुवांच्या पेटीवर कॅमेरा जवळून फिरतो, आणि पट्टीवरचं नाव गावाबाहेरही वाचलं जातं. मग एखादा पेटीवाला स्वतःहून बुवांकडे येतो आणि म्हणतो, “बुवानू, ही पेटी तुमका, वाजवा.” लोक याला सरसकट ‘बुवांना पेटी फुकट मिळाली’ असं म्हणतात. मँडोलिन हे छोटं तंतुवाद्य शिकणारी मुलं परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून हाच प्रश्न विचारतात: यांना ही महागडी मँडोलिनं कंपन्या फुकट देतात का?

‘मिळालं’ या शब्दाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार येतात. एक भेट, दुसरा करार, ज्याला इंग्रजी वळणानं एंडोर्समेंट म्हणतात. स्टेजवर बघताना दोन्ही सारखेच दिसतात. ज्याच्या हातात वाद्य आहे त्याचं आयुष्य मात्र त्यामुळे बरंच वेगळं होतं, आणि ते वाद्य बघून स्वतःसाठी वाद्य विकत घेणाऱ्याचंही.

भेट म्हणजे मालकी बदलली आणि विषय संपला. कारागिरानं आदरापोटी दिलं असेल, किंवा आपलं काम चांगल्या हातांत कसं वाजतं ते ऐकायचं म्हणून. त्यानंतर वादकानं ते वाद्य रोज वाजवावं, माळ्यावर ठेवावं, शिष्याला द्यावं की विकावं, हा त्याचा प्रश्न. देणाऱ्याच्या मनात आशा असणारच. पण आशा ही अट नव्हे. दुसऱ्याची पेटी घेऊन बुवा बारीला बसले तर पेटीवाल्याला वाईट वाटेल, पण तो जाब विचारू शकत नाही.

करारात जाब विचारता येतो. त्यात मुदत असते, आणि वादकानं काय करायचं ते लिहिलेलं असतं: कार्यक्रमात हेच वाद्य दिसावं, फोटो आणि नाव जाहिरातीत वापरू द्यावं, अमुक इतके व्हिडिओ करावेत, स्पर्धक कंपनीचं वाद्य हातात घेऊन फोटो काढू नये. या बदल्यात वाद्य मिळतं, म्हणजे ते फुकट नसतं. ती वस्तूच्या रूपात दिलेली मजुरी असते, आणि तिच्याकडे मजुरी म्हणूनच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय बहुतेक करारांत पूर्ण वाद्य फुकट नसतंच. कलाकारासाठी वेगळी, कमी किंमत असते. तारांचं गणित त्यामानानं सोपं आहे. मँडोलिनला चार जोड्यांत आठ तारा असतात, त्या गंजतात, तुटतात, सतत बदलाव्या लागतात आणि कंपनीला स्वस्तात पडतात. त्यामुळे नावाजलेल्या वादकाला तारांची पाकिटं फुकट मिळणं हे फुकट मँडोलिनापेक्षा कितीतरी जास्त घडतं. व्हिडिओखाली कंपनीचं नाव आहे म्हणजे वाद्य दान मिळालं, असा अर्थ काढू नये. अनेकदा वादकानं खिशातले पैसे मोजूनच ते घेतलेलं असतं, फक्त थोडे कमी.

देणाऱ्याच्या बाजूनंही बघायला हवं. मोठ्या कारखान्याला एक वाद्य देणं म्हणजे जाहिरातीच्या खर्चातली एक ओळ. पण उत्तम मँडोलिन बनवणारे पुष्कळसे लोक एकटे किंवा दोघे-तिघे काम करतात. कोरीव मँडोलिनाची वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची आणि पाठ मेपलच्या. दोन्ही हातानं तासून, ठोकून, कानानं ऐकत पातळ करायच्या. वर्षाकाठी मोजकीच वाद्यं तयार होतात. त्यातलं एक फुकट दिलं तर कित्येक आठवड्यांची कमाई गेली. आपल्याकडच्या पेटी बनवणाऱ्याचं किंवा पखवाजाला पुड्या चढवणाऱ्याचं हेच आहे. म्हणून एखादा छोटा कारागीर “फुकट देणं परवडत नाही” म्हणतो तेव्हा त्याला कद्रू म्हणणं अन्याय आहे. आणि ज्याला विकत घेणं सहज शक्य आहे अशाच वादकाला वाद्य देऊ केलं जातं, धडपडणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही, हेही खरं आहे. भेट गरज बघून देता येते. करार मात्र किती डोळे त्या हातांकडे लागलेत ते बघूनच होतो.

मँडोलिनाच्या इतिहासातला सगळ्यात बोलका दाखला बिल मन्रो यांचा आहे. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचे ते जनक मानले जातात. त्यांच्या हातातलं गिब्सन कंपनीचं एफ-५ नमुन्याचं मँडोलिन कंपनीचे ध्वनितज्ज्ञ लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं होतं आणि त्यावर लोर यांची ९ जुलै १९२३ या तारखेची सही होती. हे वाद्य कोणी त्यांना दिलं नव्हतं. १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात ते विकायला ठेवलेलं त्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या पैशानं जुन्यात विकत घेतलं. पुढे त्या एकाच वाद्याच्या आवाजामुळे एफ-५ ला जगभर जी किंमत आली, तेवढी जाहिरात कुठल्याही करारानं झाली नसती.

नंतर मन्रो यांनी ते दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवलं. सांगितलेली सगळी कामं झाली नाहीत म्हणून ते इतके चिडले की वाद्याच्या डोक्यावरच्या ‘द गिब्सन’ या अक्षरांतलं ‘गिब्सन’ त्यांनी खरवडून काढलं. वर्षानुवर्षं ते तसंच वाजवत राहिले. वाद्य स्वतःचं होतं, कुठे सही केलेली नव्हती, म्हणून हे करता आलं. करारातल्या वादकानं पट्टीवरचं नाव खरवडलं असतं तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली असती.

१९८० मध्ये दोघांत समेट झाला. १९८५ मध्ये कोणीतरी मन्रो यांच्या घरात घुसून मँडोलिनाचा अक्षरशः चुरा केला. तो चुरा गोळा करून, तुकडा तुकडा जुळवून वाद्य पुन्हा वाजतं केलं ते गिब्सनचे कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी. मला या सगळ्या हकिगतीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या कंपनीशी भांडण दुरुस्तीवरून झालं, तिच्या माणसानं नातं घट्ट केलं तेही दुरुस्तीतूनच. वादकाला बनवणाऱ्याकडून खरी गरज असते ती याची. दुरुस्तीची.

सिग्नेचर मॉडेल हे भेट आणि करार या दोन्हींपेक्षा वेगळं. तिथे वादकाच्या नावानं वाद्य विकलं जातं आणि विक्रीमागे त्याला रॉयल्टी मिळते. १९५२ मध्ये बाजारात आलेली गिब्सनची लेस पॉल गिटार हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मन्रो यांच्या नावाचं मॉडेलही पुढे आलं.

आणखी एक मार्ग कर्जाऊ वाद्याचा, आणि कोकणातल्या छोट्या कारागिरांना मी तोच सुचवेन. वाद्य बुवांनी हंगामभर वाजवायचं, मालकी कारागिराची. गणपती, दिवाळी, मग जत्रांचे दिवस संपले की परत. तोवर वाद्याचा कस लागतो, भाते कुठे दमतात, कुठला सूर उशिरा बोलतो ते कळतं, आणि कारागीर ते दुरुस्त करून विकू शकतो. दशावतारात पेटी रात्रभर चालते, बारीत ती तारसप्तकात तापते. कार्यशाळेत बसून असली परीक्षा घेता येत नाही.

मालकी वादकाकडे गेली आहे की वाद्य परत जाणार आहे, याला करखात्याच्या लेखीही महत्त्व आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या आयकर कायद्याच्या १९४आर या कलमानं, धंद्यातून किंवा व्यवसायातून मिळालेला वस्तुरूप लाभ वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेला तर देणाऱ्यानं १० टक्के करकपात करायची असं ठरलं. त्यावरच्या परिपत्रकात समाजमाध्यमांवरच्या मंडळींना मिळणाऱ्या वस्तूंचं उदाहरण घेतलं आहे: कामासाठी वापरून वस्तू कंपनीला परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. छोट्या कारागिराला मात्र सवलत होती. आदल्या वर्षी उलाढाल एक कोटीपर्यंत असलेल्या व्यक्तीवर ही कपातीची जबाबदारी टाकलेली नव्हती. कपात झाली नाही म्हणून वादकाचं उत्पन्न करमुक्त होतं असं मात्र नाही. मानधन घेऊन कला सादर करणाऱ्याला व्यवसायामुळे वाद्य मिळालं, तर त्याची किंमत उत्पन्नात धरली जाऊ शकते. महागडं वाद्य स्वीकारण्याआधी कर सल्लागाराला एकदा विचारलेलं बरं.

ऐकणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या बाबतीत मात्र भेट आणि करार यांतला फरक पुसला जातो. हे अनेकांना ठाऊक नसतं. ‘मी काही करार केलेला नाही, प्रेमानं दिलंय, मग सांगायचं कशाला?’ असं वादक मनापासून म्हणतात. पण जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं २०२१ मध्ये आणलेले नियम, आणि ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचना, दोन्हींमध्ये फुकट मिळालेली वस्तू हा ‘संबंध’ धरला आहे. खात्याच्या सूचनेत तर अट नसलेली, न मागता आलेली वस्तूही येते. म्हणजे भेट मिळालेल्या पेटीची व्हिडिओत शिफारस केली, तर ती भेट आहे हे सांगायला हवं. बनवणाऱ्याशी वादकाचं बंधन नसेल, प्रेक्षकाशी आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हे सांगायला हवं असं मला फार तीव्रतेनं वाटतं, कारण गावाकडे बुवांचा शब्द खरेदीचा शेवटचा शब्द असतो. मुलाला पेटी घ्यायची ठरलं की आईबाप दुकानदाराला विचारत नाहीत, बुवांना विचारतात. आंब्याच्या हंगामात हातात आलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेले असतात. बुवा म्हणतील ती पेटी घरात येते. त्या शिफारशीमागे फुकट पेटी किंवा दर गिऱ्हाइकामागे टक्केवारी असेल, तर आईबापांना ते आधी कळलं पाहिजे. ही पद्धत नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मँडोलिन वाद्यवृंदांची लाट होती तेव्हा गिब्सननं संगीत शिक्षकांनाच विक्रीचे एजंट नेमलं होतं. शिकवणाराच वाद्य विकायचा. तिथे निदान तो एजंट आहे हे उघड होतं. शिक्षकाला विक्रीतून पैसे मिळणं मला गैर वाटत नाही, ते लपवणं गैर वाटतं.

विकत घेणाऱ्यानं एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी. करारातल्या वादकाला जे वाद्य मिळतं त्याची देखभालही बहुधा बनवणाराच करतो. तुम्हाला दुकानातून मिळालेल्या वाद्याला ती मिळेलच असं नाही. आणि कोकणात वाद्याचं आयुष्य देखभालीवरच आहे. लाकडी तंतुवाद्यांसाठी हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असावी असं बनवणारे सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर सहज जाते. मँडोलिनाची फळी फुगते, तारा पट्टीपासून उचलल्या जातात, जोडातला सरस सुटू लागतो. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजतात. पेटीच्या पितळी स्वरपट्ट्यांवर काट चढून सूर उतरतात, बोटांखालच्या पट्ट्या जड होतात, भात्याच्या चामड्याला बुरशी धरते. म्हणून मी फुकट पेटीपेक्षा, दर वर्षी श्रावणाच्या आधी पेटी उघडून साफ करून, सूर लावून देणाऱ्या कारागिराला जास्त मानतो. विकत घेताना ‘कोण वाजवतं’ याच्याआधी ‘बिघडली तर कोण बघणार, आणि किती दिवसांत’ हे विचारा.

ज्या कारागिरांना आणि वादकांना असा व्यवहार करायचाच आहे, त्यांनी तोंडी बोलण्यावर ठेवू नये. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालेल, पण वाद्य भेट आहे, सवलतीत आहे की परत करायचं आहे, हे पहिल्याच ओळीत यावं. मुदत लिहावी. दुसऱ्याचं वाद्य वाजवायला मोकळीक आहे का, फोटो किती काळ वापरता येतील, टेम्पोतून नेताना फुटलं तर खर्च कोणाचा, तेही लिहावं. आणि वादकाचं निधन झालं तर वाद्य घरच्यांकडे राहणार की कारागिराकडे परत जाणार, हे दोघांनी जिवंतपणी, एकमेकांसमोर बसून ठरवावं. भेटीचं वाद्य घरच्यांचं होतं, कर्जाऊ वाद्य होत नाही, आणि दिवसकार्य चालू असलेल्या घरात जाऊन पेटी परत मागण्याची वेळ कोणावर येऊ नये.