डायॉक्सिनवर बंदी घालणार कशी?

‘घातक रसायनांवर बंदी आली, म्हणजे डायॉक्सिनही संपलं’ हा समज फार जुना आहे. पण डायॉक्सिन (क्लोरीन असलेल्या अतिविषारी रसायनांचा एक गट) विकण्यासाठी कुणी बनवतच नाही, मग बंदी कशावर घालणार? क्लोरीन असलेला कचरा, उदाहरणार्थ पीव्हीसी प्लास्टिक, अर्धवट जळतो तेव्हा ते आपोआप तयार होतं. भट्टीतला धूर साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात रेंगाळला, तरी राखेतल्या तांब्यासारख्या धातूंच्या साथीने ते पुन्हा जुळून येतं. म्हणून चांगल्या भट्टीत ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद ज्वलन आणि मग धूर झटकन थंड करणं, दोन्ही लागतं. उघड्यावर पेटवलेल्या ढिगाला यातलं काहीच जमत नाही.

दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार (२००१) हे ओळखतो. कलम ५ नुसार प्रत्येक सदस्य देशाने, करार त्याला लागू झाल्यापासून दोन वर्षांत अशी आपोआप तयार होणारी विषं कमी करण्याचा कृती आराखडा करायचा. दर पाच वर्षांनी आढावा. आधी स्रोतांची मोजदाद येते, आणि ती फक्त हवेची नव्हे: पाणी, जमीन, उत्पादनं आणि राखही. धुराड्याला गाळणी बसवली की विष राखेत जातं, हे बहुतेकदा विसरलं जातं.