पंच्याची गाठ आणि हार्नेसचा पट्टा

साताऱ्याहून आजोळी जायचं असलं की बाबा मला स्कूटरवर पाठीमागे बसवायचे आणि खांद्यावरचा पंचा माझ्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर त्याची गाठ मारायचे. "झोप आली तर झोप, पडणार नाहीस," असं म्हणायचे. मी झोपायचोही. आज रस्त्यावर पंच्याच्या जागी ओढणी दिसते. कुठे जुनी साडी, कुठे बाळाची झोळी. ही गाठ मारणाऱ्या माणसांना विज्ञान नीट कळलेलं असतं, असं मला ती पाहताना दरवेळी वाटतं. मूल स्वतःच्या हातांनी धरून राहू शकणार नाही, त्याला मोठ्या माणसाशी जोडून घ्यायला हवं, हे त्यांनी ओळखलेलं असतं. चुकतो तो फक्त पट्टा.

केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 रोजी मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तिच्या मुळाशी हाच पंचा आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हार्नेस घालायचा, नऊ महिन्यांपुढे डोक्यावर मापाचं हेल्मेट घालायचं आणि गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा तो नियम. हार्नेस म्हणजे मुलाने घालायचं एक जाकीट. त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांत दप्तरासारखे अडकतात. तो हलका असावा, पाण्याने खराब होऊ नये, आत मऊ गादी असावी आणि त्याने 30 किलोंपर्यंतचं वजन पेलावं, असं नियमात लिहिलं आहे. नियम लागू व्हायला एक वर्षाची मुदत होती, म्हणजे फेब्रुवारी 2023 पासून तो अमलात आहे. चार वर्षांपुढच्या मुलांना तर मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमानुसार मोठ्यांसारखंच हेल्मेट सक्तीचं आहे. हे माहीत असलेले पालक मला फारच थोडे भेटले. शाळेच्या फाटकाशी दहा जणांना विचारलं तर नऊ जण "असा नियम आहे?" म्हणतात.

आता पंचा आणि हार्नेस यांत फरक काय, ते पाहू. पंच्याचा ताण मुलाच्या पोटावर येतो. मोठ्या माणसाच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हाडांचे कंगोरे असतात आणि पट्टा त्यांच्यावर अडकून राहतो. तीन वर्षांच्या मुलाचे हे कंगोरे अजून तयार व्हायचे असतात, त्यामुळे कमरेला बांधलेलं कापड हिसका बसताच वर सरकतं आणि थेट मऊ पोटात रुततं. त्या वयात यकृत शरीराच्या मानाने मोठं असतं आणि बरंचसं बरगड्यांच्या खाली उघड्यावर असतं. गाठ सैल झाली तर मूल खालून निसटू शकतं. ओढणीचं मोकळं टोक चाकात गेलं तर ती मुलालाही ओढते आणि चालवणाऱ्यालाही. हार्नेसमध्ये तोच ताण खांदे, छाती आणि पाठ यांवर पसरतो.

पण हार्नेसकडून जादूची अपेक्षा नको. समोरून ट्रक आला तर तो वाचवणार नाही. त्याचं काम मूल गाडीवरून घसरू न देणं, आणि लहान मुलांच्या बाबतीत हा धोका आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. कारण मुलं गाडीवर झोपतात. इंजिनाची एकसुरी घरघर, तोंडावर वारा, अंगाला हलका हेलकावा, म्हणजे पाळणाच की! झोप लागली की स्नायूंचा ताण जातो, शर्ट पकडलेली मूठ उघडते, मान एका बाजूला कलते. चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. पाठीला टेकलेलं ऊबदार ओझं किंचित सरकलं, एवढंच जाणवतं. त्यात मागची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर असते, त्यामुळे खड्ड्याचा उसळा चालवणाऱ्यापेक्षा मागे बसलेल्याला जास्त बसतो. स्पीडब्रेकरवरून गाडी जोरात उतरली की सीट क्षणभर मुलाच्या खालून निघून जाते. जागं मूल सावरतं. झोपलेलं सावरत नाही.

आता त्या जागेकडे येतो जी आपल्या सगळ्यांना सर्वांत सुरक्षित वाटते. स्कूटरच्या पुढच्या भागात पाय ठेवायच्या जागेवर उभं केलेलं, नाहीतर मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं मूल. "डोळ्यांसमोर राहतं, दोन हातांच्या मध्ये असतं." मीही हेच म्हणायचो. मुलीला महिनाभर तसं उभं करून नेलं आणि मग एका रात्री वहीत आकडेमोड करायला बसलो.

14 किलोंचं मूल, वेग ताशी 40 किलोमीटर. कुत्रं आडवं आलं म्हणून कचकन ब्रेक दाबला, तर चांगल्या रस्त्यावर गाडीचा वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 0.6 पट असतो. म्हणजे मूल आठ-साडेआठ किलो वजनाच्या जोराने पुढे ढकललं जातं, आणि त्याच्या पुढ्यात हँडल, आरसा आणि स्पीडोमीटरची कडक काच. एवढं कदाचित तुमचे हात सांभाळतील. पण गाडी समोरच्या गाडीवर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरा. आता दर 12 पटींच्याही वर जातो. मूल पुढे जातं ते पावणेदोनशे किलोंच्या जोराने. त्याला हाताने धरायचा विचारही सोडून द्या. खरी भीती पुढेच आहे. मुलाच्या मागे तुम्ही बसलेले असता. तुमचं वजन 65 किलो असेल तर त्याच क्षणी तुमचं शरीर आठशे किलोंच्या आसपास जोर घेऊन पुढे येतं, आणि तुमची छाती व हँडल यांच्या मध्ये असतं ते मूल. ज्या दोन हातांच्या कमानीला आपण कवच समजतो, तिथे मूल आपल्यासाठी उशी झालेलं असतं. त्या रात्रीनंतर मुलगी पुढे उभी राहिली नाही.

पुढे उभ्या असलेल्या मुलाबाबत दुसरा धोका गाडी थांबलेली असतानाचा आहे. बिनगिअरच्या स्कूटरवर बसून भाजीवाल्याला पैसे देताना इंजिन चालू असतं. आपला उजवा हात खिशात, आणि मुलाच्या हाताशी ॲक्सिलरेटरची मूठ. आई-बाबा पिळतात तसं पिळायचं त्याच्या मनात दिवसभर असतंच. गिअरच्या गाडीत क्लच सोडावा लागतो. या गाड्यांत इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप धरतो आणि गाडी झेप घेते. त्यामुळे मूल गाडीवर असताना दहा सेकंद थांबायचं असलं तरी किल्ली फिरवून इंजिन बंद करावं.

आई-बाबांच्या मध्ये सँडविच करून बसवणं पुढच्यापेक्षा बरं, कारण पुढ्यात लोखंडाऐवजी पाठ असते. पण दाबणारं वजन मागे असतंच, आणि 128 व्या कलमाप्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसू शकतो. शिवाय तीन माणसांच्या वजनाने ब्रेक लागायचं अंतर वाढतं.

आता डोकं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसाचं सातवा ते आठवा भाग. मूल वाढतं तेव्हा धड आणि पाय वाढतात, डोकं आधीच बरंचसं वाढलेलं असतं. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू वजनाने प्रौढ मेंदूच्या सुमारे पाऊण भरतो. म्हणजे बारीक मानेच्या काडीवर मोठा नारळ. म्हणूनच मूल पडतं तेव्हा बहुतेक वेळा डोकं आधी आपटतं. कवटी पातळ असते, मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, आणि मान वाकण्याचा मुख्य सांधा मोठ्यांपेक्षा वरच्या मणक्यांत, डोक्याच्या अगदी जवळ असतो.

सीटवर बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाचं डोकं जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतं. गाडी उभी असताना मूल नुसतं कलंडलं तरी डोकं जमिनीवर आपटतं ते ताशी 18 किलोमीटरच्या वेगाने. आता एक सोपा हिशेब. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, एवढं केलं की डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या किती पट झटका बसला ते कळतं. उघडं डोकं डांबरावर जेमतेम 5 मिलिमीटरमध्ये थांबतं असं धरा. 1250 भागिले 5, म्हणजे 250 पट. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर असतो तो आपल्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचाच घट्ट भाऊबंद. तो 20 मिलिमीटर चेपला तर झटका उतरतो 62 पटींवर. हेल्मेटचं सारं कर्तृत्व या दीड सेंटिमीटरमध्ये आहे. बाहेरचं कवच जोर पसरवतं आणि टोकदार दगड आत घुसू देत नाही, पण वेळ मिळवून देतो तो थर्माकोल. फुटपाथवर मिळणाऱ्या, आत नुसता स्पंज भरलेल्या रंगीत टोप्यांना हेल्मेट का म्हणू नये, ते यावरून कळेल. स्पंज बोटाने दाबला तरी चपटा होतो.

दुचाकीस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2008 साली निघाला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली सुमारे 45 टक्के दुचाकीवरची होती. त्या आकड्याशेजारी हे 42 टक्के ठेवून पाहा.

"पण एवढ्याशा मानेला हेल्मेटचा भार?" हा प्रश्न जगभरचे आईबाप विचारतात. व्हिएतनाममध्ये 15 डिसेंबर 2007 पासून हेल्मेट सक्तीचं झालं आणि मोठ्यांनी ते बघता बघता स्वीकारलं, मुलं मात्र उघड्या डोक्याने मागे बसलेली दिसत राहिली. त्यामागे ही मानेची भीतीही होती. भीतीत एक खरा अंश आहे. मोठ्यांचं हेल्मेट आपल्या मानकाप्रमाणे 1.2 किलोंपर्यंत असू शकतं. लहान मुलाचं डोकंच अडीच-तीन किलोंचं. त्यावर बाबांचं हेल्मेट घालणं म्हणजे चाळीसेक टक्के भार वाढवणं, आणि तेही डुगडुगणारं. नियमात लहानांसाठी सायकलच्या हेल्मेटलाही जागा दिली आहे, ती या दृष्टीने मला शहाणपणाची वाटते. ते खूप हलकं असतं. घेताना शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वर एक बोट ठेवून डोक्याचा घेर मोजावा. तीन वर्षांच्या मुलाचा तो साधारण 49 सेंटिमीटर भरतो. पट्टा लावून हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. जे बाळ मान धरून नीट बसत नाही त्याच्यासाठी सुरक्षित हेल्मेट नाही. म्हणून नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये, या मतावर मी ठाम आहे. रिक्षा, एसटी, शेजाऱ्यांची गाडी, काहीही चालेल.

वेगाच्या मर्यादेचं गणितही उंचीतच सांगतो. ताशी 40 ने भिंतीवर आदळणं म्हणजे 6.3 मीटरवरून, दुसऱ्या मजल्यावरून पडणं. ताशी 60 ने आदळणं म्हणजे 14 मीटरवरून. वेग दीडपट, उंची सव्वादोनपट. आणि 40 च्या वेगाने एका सेकंदात गाडी 11 मीटर जाते. तो सेकंद तर दचकण्यातच जातो.

पायांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. मुलाचे पाय फुटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, लोंबकळतात. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साधारण 36 तारा असतात. ताशी 10 किलोमीटर इतक्या सावकाश जाणाऱ्या गाडीतही एका जागेवरून सेकंदाला 50 तारा सरकतात. पाय आत गेला आणि मागे ओढला, एवढा वेळच मिळत नाही. टाचेचं कातडं सोलून निघणं, टाचेमागची शीर उघडी पडणं, या जखमा आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञांना नेहमीच्या झाल्या आहेत. चाकावरची जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती कायद्यात कपड्यांसाठी आहे, पण मुलाचे पायही तीच वाचवते. नवी गाडी छान दिसावी म्हणून ती काढून टाकणारे पाहिले की मला राग येतो. मागे बसवताना पायात बंद बूट हवेत. सायलेन्सरच्या बाजूने चढवू-उतरवू नये, पोटरी भाजते. आणि दप्तर पाठीवर नको. 18 किलोंच्या मुलाच्या पाठीवर 4 किलो असले की सिग्नल सुटताच गाडी पुढे जाते आणि दप्तर मुलाला मागे ओढतं. ते स्कूटरवर पुढे ठेवावं.

फिलिपिन्सने 2015 साली केलेल्या कायद्यातली कसोटी मला फार आवडते. वर्दळीच्या रस्त्यावर मूल न्यायचं तर वय विचारत नाहीत, त्याचे पाय फुटरेस्टवर नीट टेकतात का आणि हात चालवणाऱ्याच्या कमरेला विळखा घालू शकतात का, हे पाहतात. हेल्मेट तर हवंच. जर्मनीत सात वर्षांखालच्या मुलाला खास सीट लागते, पाय चाकात जाणार नाहीत अशी. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्समध्ये आठ वर्षांच्या आत असेल तर फक्त साइडकार. आपल्याकडे साइडकार नाही, अनेक घरांत दुसरं वाहनही नाही आणि शाळा तर रोजची. म्हणून पाय टेकण्याची कसोटी मी चौथ्या वर्षानंतरही लावतो. कायदा हार्नेस चारला सोडतो, पाय टेकायला बहुतेक मुलांना त्याहून बरीच वर्षं लागतात.

माझ्या मुलीचे पाय गेल्या दिवाळीत टेकले. हार्नेस धुऊन, शिवण आणि बकलं तपासून आम्ही शेजारच्या दोन वर्षांच्या मुलासाठी दिला. हेल्मेटही लहान झालं होतं आणि त्यांनी तेही मागितलं, पण ते दिलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते जिन्यावरून दोन मजले गडगडत खाली गेलं होतं. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. आतलं कापड उचकटून पाहिलं तर मागच्या बाजूला थर्माकोल अंगठ्याएवढा चेपलेला दिसला. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. त्यांच्या मुलाच्या डोक्याचं माप मी टेपने घेऊन दिलं, 48 सेंटिमीटर.